अध्याय संपल्याशिवाय

काल नातीनं पेटीतलं लाल फडकं उलगडलं, कापराचा वास आला आणि मी मनानं थेट सोनपेठच्या महादेवाच्या देवळात जाऊन बसले.

तेव्हा निजामाचा अंमल होता. चार माणसं जमली की शिपाई हटकायचा. पोथी असली तरच सोडायचा. म्हणून आम्ही बायका कादंबरी पोथीसारखी या फडक्यात बांधून देवळात न्यायचो. मी नवी सून, वाचता येणारी एकटीच. त्या दुपारी कादंबरीतली विधवा सासर सोडून शिकायला निघाली, आणि माझ्या चुलत सासूबाई, गंगाकाकू, भडकल्या.

"लय वाईट केलं तिनं! बाईनं उंबरा वलांडू न्हाई."

"मग रोज ऐकायला कशाला येता?" कुणीतरी म्हणालं. सगळ्या हसलो, तोच दारात शिपाई.

"ये मजमा कायका? बंद करो, उठो सब!"

मी पुस्तक मिटायला लागले, तर काकूंनी पानावर हात ठेवला. शिपायाच्या डोळ्याला डोळा भिडवून म्हणाल्या, "अध्याय अर्धा टाकून आमी उठत न्हाई. तू वाच गं."

मी वाचलं. विधवेचं तेच घर सोडणं, पुन्हा पहिल्यापासून, मोठ्यानं. एकही बाई हलली नाही. शिपाई थोडा वेळ पायरीवर उभा राहिला आणि निघून गेला.

तेव्हा मला वाटलं, काकूंनी फक्त पुस्तक वाचवलं. त्या तर मरेपर्यंत म्हणत राहिल्या, ती विधवा चुकलीच. म्हणोत बापड्या. विधवेच्या त्या पानावरचा त्यांचा हात मी पाहिलाय.