मुलाखतीआधी आलेला फ्लेक्स

मुलाखती सकाळी अकराला होत्या आणि फ्लेक्स नऊलाच आला.

आमच्या तालुक्याच्या गावातल्या फुटबॉल क्लबने नागपूरच्या स्पर्धेत उतरायचं ठरवलं आणि पहिल्यांदाच पगारी मुख्य प्रशिक्षक नेमायला घेतला. निवड समितीत आम्ही तिघे होतो: कापसाची जिनिंग चालवणारे अध्यक्ष, सचिव आणि मी, निवृत्त ग्रंथपाल. फुटबॉल कळतो म्हणून मला घेतलेलं नव्हतं. इतिवृत्त शुद्ध लिहितो म्हणून घेतलं होतं.

आमच्या टीममध्ये पळणारी मुलं बहुतेक कोलाम, गोंड, बंजारा, काही बौद्ध वस्तीतली. बाकावर बसून त्यांना पळवणारे मात्र आजवर आमच्यासारख्यांच्याच घरातले, ज्यांची शेतं आहेत आणि ज्यांची आडनावं तहसीलदारालाही पाठ असतात. यात कुणी काही लपवलं नव्हतं. लपवावं असं त्यात काही आहे, हेच कुणाला वाटलं नव्हतं.

अर्ज दोनच उरले. एक नागपूरचा, अध्यक्षांच्या व्याह्यांच्या ओळखीतला. दुसरा आमचाच सहायक प्रशिक्षक, राळेगावकडच्या एका कोलाम पोडावरचा, म्हणजे वस्तीवरचा, पस्तिशीतला. प्रशिक्षकाचा परवाना दोघांकडे सारखाच. जुने प्रशिक्षक सोडून गेल्यापासून दोन हंगाम टीम हाच चालवत होता. मैदानावर तीन भाषांत ओरडायचा आणि मुलं तिन्ही भाषांत ऐकायची.

त्याला बोलावलं ते माझ्यामुळे. परदेशी क्लबांविषयी मी वाचलं होतं: तिथे काळे खेळाडू भरपूर, काळे प्रशिक्षक बोटांवर मोजावेत इतके; म्हणून काही ठिकाणी नियम केला की मुलाखतीला निदान एक तरी अशा समाजातला उमेदवार हवाच. बैठकीत मी तो नियम मांडला. अध्यक्षांनी टेबलावर थाप मारली.

"वा सर! एकदम पास. पेपरात देऊ."

तिथेच मला शंका यायला हवी होती. आमचे अध्यक्ष हरकत न घेता काही मान्य करतात तेव्हा त्यांचं काहीच जाणार नसतं.

फ्लेक्सचं असं झालं. अध्यक्षांचा वाढदिवस त्याच आठवड्यात होता, म्हणून सचिवांनी वाढदिवसाचा आणि हा असे दोन्ही फ्लेक्स छापणाऱ्याकडे एकदमच टाकले. आमच्याकडे सत्काराची तयारी आधी होते, कशाबद्दल ते मागाहून ठरतं. आणि मैदानाच्या कुंपणाला फ्लेक्स बांधायचं काम नेहमी सहायकाचं. शिपायाने सवयीने गुंडाळी त्याच्या हातात दिली. तो मुलाखतीसाठी इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. मी लवकर पोचलो होतो, तिथेच उभा होतो.

त्याने वाढदिवस बांधला. मग दुसरा फ्लेक्स उलगडला. मुख्य प्रशिक्षकपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. खाली नागपूरकरांचा हसरा फोटो, कोपऱ्यात आम्हा तिघांचे छोटे.

"सर," तो म्हणाला, "हे बांधू का ठिवू?"

"ठेव बाबा."

त्याने सुरकुती पडू न देता फ्लेक्स पुन्हा गुंडाळला.

"मंग मले कायले बोलावलं?"

मी नियमाचं सांगितलं. सगळं सांगितलं, कारण खोटं बोलायला वेळ नव्हता.

"म्हंजे मी यायचा होतो, लागायचा नव्हतो."

"तू जा आत. नीट बोल. मी आहे."

'मी आहे' हे मी का म्हटलं कोण जाणे. मी होतो, एवढं खरं.

मुलाखत दहा मिनिटं चालली. सचिवांनी विचारलं, "मुख्य प्रशिक्षक म्हणून अनुभव?"

"दोन साल टीम मीच चालवून राह्यलो साहेब."

"कागदावर ते पद रिक्त होतं."

"मंग टीम कोन खेळवली? कागदानं?"

अध्यक्ष हसले, दिलदारपणे. "अरे, पोरं तुझं ऐकतात, ते मान्य आहे. पण बाहेर टीम नेली की चार मोठ्या लोकांत उभं राहावं लागते. पर्सनॅलिटी लागते."

तो उठून उभा राहिला. आमच्या तिघांपेक्षा वीतभर उंच होता. नमस्कार करून निघून गेला.

नागपूरकर भला माणूस निघाला. कदाचित उत्तम प्रशिक्षकही असेल. अडचण हीच आहे. दोघांत चांगला कोण हे आम्हाला आजही माहीत नाही, कारण आम्ही ते पाहिलंच नाही. इतिवृत्तात मात्र मी माझ्या शुद्ध मराठीत लिहिलं की सर्व उमेदवारांचा समान विचार करण्यात आला, आणि आदिवासी समाजातील उमेदवारासही आवर्जून पाचारण करण्यात आले. सही केली. माझ्या नियमाशिवाय ते दुसरं वाक्य त्यांना लिहिता आलं नसतं.

आठवड्याने तो माझ्या घरी आला. क्लब सोडला होता. पांढरकवड्याकडच्या एका आश्रमशाळेत जागा होती, अनुभवाचं पत्र हवं होतं. सचिव 'सहायक' याच्यापुढे एक अक्षर लिहायला तयार नव्हते. मी क्लबचं लेटरहेड काढलं आणि लिहिलं: दोन हंगाम मुख्य प्रशिक्षकाचं संपूर्ण काम यांनीच केलं, समितीचा सदस्य म्हणून मी ते पाहिलं आहे. शिक्का सचिवांकडे होता, तो मिळणार नव्हता.

त्याने पत्र उभ्यानेच वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"सर, हे त्या दिवशी लिवलं असतं तं?"

मी चहाचं विचारलं. तो नको म्हणाला, त्याला बस पकडायची होती.