कॅरमच्या फळीचं तोरण

आमच्याकडं माणूस गेलं की त्या घराला वर्षभर सण नसतो. गुढी नाय, तोरण नाय, दारात रांगोळी नाय. आमचे हे दिवाळी झाली आणि गेले, तेव्हा तेराव्यालाच थोरल्या जाऊबाईंनी मला हे सगळं बजावलं. वर आणखी एक सांगितलं. गुढीपाडव्याला आम्ही टेम्पो घेऊनच येतो, सामान भरू, तू आमच्यासोबत दौलताबादला चल. गारखेड्यातलं तुमचं घर भाड्यानं देऊन टाकू. एकटी बाई काय करणार तिथं?

हे ठरवलं थोरल्या दिरांनी. पण ते माझ्याशी बोलत नाहीत. भांडण वगैरे काही नाही, धाकट्या भावाच्या बायकोशी थोरल्यानं थेट बोलायचं नाही ही घरातली रीत. मी समोर बसलेली असले तरी ते जाऊबाईंना म्हणतात, "तिला सांग." मग जाऊबाई तेच वाक्य मला परत ऐकवतात, जशी काय मी बहिरी! माझं उत्तरही त्याच वाटेनं जायचं. लग्न होऊन आले तेव्हापासून हे असंच.

मला जायचं नव्हतं. मी शिकवते ती बालवाडी इथं, माझा भाजीवाला इथं, ह्यांच्याशी मनसोक्त भांडले ते स्वयंपाकघर इथं. पण नाही कसं म्हणायचं तेच सुचेना. शेजारच्या बाया माझ्या दारावरून जाताना आवाज खाली करायच्या, चपला न वाजवता जायच्या. लई राग यायचा. गेले ते, आणि मूठमाती मला!

फाल्गुनात मोबाईलवर एक गोरी बाई दिसली. तिनं लाकडाचं गोल कडं कापलं, त्यावर फुलं-पानं रंगवून चिकटवली आणि दारावर अडकवलं, वसंत आला म्हणून. म्हटलं, वसंत काय हिच्या एकटीचा हाय? माझं माहेर फर्दापूर. तिकडं या दिवसांत रस्त्याकडेचा पळस असा फुलतो की बघत राहावं. आणि वडील सुतार होते, करवत हातात धरायला मी पेन्सिलीच्या आधी शिकले.

लाकूड घरातच होतं. ह्यांचा कॅरमबोर्ड गॅलरीत भिंतीला टेकून उभा होता. कुणाला तरी देऊन टाक, असं जाऊबाईंनी दोनदा सांगितलेलं. दर रविवारी हे हरायचे आणि फळीला बाक आलाय म्हणायचे. फळीला कसला बाक, नेम धड नव्हता माणसाचा! मी कडेच्या पट्ट्या काढल्या, परात पालथी घालून गोल आखला, आत ताटलीनं दुसरा. पहिल्या कापासाठी करवत टेकवली आणि पुन्हा खाली ठेवली. तिथंच फरशीवर बसून रडून घेतलं आणि मग कापलं. उरलेल्या तुकड्यांतून पळसाची वाकडी फुलं काढली, कडुनिंबाची पानं काढली.

रंग लावला तर दुसऱ्या दिवशी पापुद्रे निघाले. हात्तिच्या! इतक्या वर्षांची कॅरमची पावडर त्या फळीत मुरलेली, तिच्यावर रंग टिकतोय कशाला? सगळं खरवडलं, काचपेपरनं कोरं लाकूड लागेपर्यंत घासलं, आणि पुन्हा पहिल्यापासून रंगवलं. पळस भगवा, कडुनिंबाची कोवळी पालवी तांबूस. दंड भरून आले, पण कितीतरी महिन्यांनी भूक लागली मला.

आणि एवढं करून काय केलं, तर त्या गोऱ्या बाईसारखं दाराच्या फळीवर लावलं. दिसायचं तर दार बंद हवं. आपल्याकडं दिवसा दार बंद म्हणजे एक तर घरात कुणी नाही, नाहीतर घरात दुःख आहे. दार उघडलं की माझा पळस भिंतीकडं तोंड करून बसायचा. काढलं. स्टूल घेतलं आणि चौकटीच्या वरच्या आडव्या फळीवर, जिथं आंब्याचं तोरण बांधतात बरोबर तिथं, खिळा ठोकला. ठोकताना मला पक्कं ठाऊक होतं मी काय करतेय. दाराच्या फळीवर असतं तर शोभेचं म्हणून खपलं असतं, चौकटीवर नाही.

पाडव्याला दोघं आले. टेम्पो खाली उभा. दीर उंबऱ्यातच थांबून वर बघत राहिले. जाऊबाई पुटपुटल्या, "अगं बाई, हे काय करून बसलीस?" मग नवऱ्याकडं बघून पटकन म्हणाल्या, "शोपीस दिसतंय. लाकडाला कुठलं आलंय सुतक? तेवढं आतल्या भिंतीला लाव, झालं."

बाई मनानं वाईट नाही. मला सुटायला वाट करून दिली त्यांनी. नुसतं व्हय म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"नाय जाऊबाई," मी म्हटलं. "तोरणच हाय ते. सणासाठीच केलंय."

दीर खुर्चीवर बसले. माझ्यापासून हातभर लांब. "तिला सांग," ते जाऊबाईंना म्हणाले, "वर्ष व्हायचंय अजून. माझा भाऊ गेलाय."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "मलाच सांगा ना दादा, मी इथंच बसलेय. तुमचा भाऊ गेला, माझा नवरा गेला. वर्षाचं काय घेऊन बसलात, मला जन्माचा दुखवटा हाय. पण मी जिती हाय अजून. हे दार मी बोडकं ठेवणार नाय, आणि हे घर सोडणार नाय."

जाऊबाईंनी पदर तोंडाला लावला. दिरांनी मान वर केली आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या तोंडाकडं बघितलं. ह्यांचेच डोळे. बघवेना, पण मी नजर हटवली नाही.

"आम्ही तुला काय कमी पडू दिलं असतं का?" त्यांनी विचारलं. मला विचारलं.

"काहीच नाय. पण तिथं मी तुमच्या घरात असते, दादा. इथं माझ्या घरात हाय."

ते उठले. पाणीसुद्धा न घेता जिना उतरून गेले. खाली टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला. जाऊबाई अर्ध्या जिन्यात थांबल्या, डोळे पुसत वर बघून म्हणाल्या, "दार लावून घे गं."

"नाय लावत," मी म्हटलं.