धाविकाचे खडे

मी पक्ष्यांवर पीएचडी केली. होटगीतल्या शेजाऱ्यांना त्यातून एवढंच कळलं, की मी पक्ष्यांचा डॉक्टर आहे. तेव्हापासून माझ्या दारात आजारी कोंबड्या येतात. खोटं कशाला बोलू, मीही हळद लावून पाठवतो.

तर यंदा माळरान पक्षी संवर्धन मंडळावर एक जागा निघाली. बिनपगारी, पण मंडळावर! बायको, वैजयंती, म्हणाली, "घरचं एक काम पत्करलं नाही कधी, निघाले मंडळावर!" पण मला ती जागा हवीच होती. आयुष्यात एकदा कुणीतरी कोंबडीशिवाय बोलवावं की!

अर्जाला माझा शोधनिबंध जोडला. धाविक हा माळावरचा पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतो आणि भोवती खड्यांचं कडं रचतो, हा माझा शोध. अकरा वर्षं, दोनशे चौदा घरटी, सगळ्यांचे फोटो. रचताना मात्र तो कधी दिसला नाही. मी डुलत डुलत पोचेपर्यंत ऊन चढलेलं असायचं. मी लिहून टाकलं, पक्षी पहाटेच काम उरकतो.

मंडळाच्या अध्यक्षा श्रीदेवीताई मुलाखतीला थेट माळावरच आल्या. मी घरटं दाखवलं. दोन अंडी, भोवती मुठीएवढे सात दगड.

"एवढासा पक्षी हे उचलतो कसे?"

मी चोचीच्या ताकदीवर बोलणार, तोच मेंढरं घेऊन म्हाळसाबाई आल्या. अकरा वर्षं रोज भेटतात, आणि मी रोज एवढंच म्हणतो, "मेंढरं जरा लांब."

"ती व्हय? म्याच ठेवल्यात," त्या म्हणाल्या. "अंडी दिसली की दगडं मांडायची. मागनं येणारा बी बघतोय अन् कळप वळवतोय. आमी समदीच मांडतो. सासू बी मांडायची."

अरे देवा! "मग आजवर बोलला का नाहीत?"

"तुमी लई हौसेनं फोटू काढत हुता. मला वाटलं, तुमाला दगडंच आवडत्यात."

श्रीदेवीताई हसल्या नाहीत, ते जास्त लागलं. त्यांनी अर्ज उघडून त्यातला एक प्रश्न वाचला. "आपल्या हातून किती घरटी वाचली? इथं तुम्ही दोनशे चौदा लिहिलंय."

"ती मोजलेली," मी म्हणालो. "वाचवलेलं एकही नाही." लाज वाटली, मेल्याहून मेल्यासारखं झालं. अर्ज मागून घेतला, माझं नाव खोडलं आणि पेन धरून म्हणालो, "म्हाळसाबाई, तुमचं पूर्ण नाव काय?"

त्यांनी एक मेंढरू दगडांच्या कड्यापासून बाजूला हाकललं.

"आत्ता कशाला पायजे? अकरा वर्सं न्हाय लागलं ते."