खंडेनवमीसाठी नकली रिव्हॉल्व्हर : कळंब, लोहारा, दिग्रस

आधीच सांगतो, ही सहल मजेची नव्हती. फोटो नाहीत, कारण काढावेसेच वाटले नाहीत. पण जुन्या टोपीदार रिव्हॉल्व्हरची नक्कल विकत घ्यायच्या आधी काय काय पाहावं, हे मला मराठीत कुठंच सापडलं नाही. म्हणून लिहून ठेवतो. कोणाच्या तरी कामी येईल.

आमच्या घरी आजोबांपासून एक रिव्हॉल्व्हर होतं. काडतुसाचं नव्हे. चक्रीच्या सहा घरांत काळी दारू ठासायची, वर शिशाची गोळी दाबायची आणि मागून तांब्याची इवलीशी टोपी बसवायची. परवाना बाबांच्या नावावर. बाबा यवतमाळला पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क होते, त्यांनी जन्मात त्यातून एक बार काढला नाही. पण दर खंडेनवमीला ते पाटावर ठेवत, तेलाचं बोट फिरवत आणि घोडा मागं ओढून कान लावत. खट्, आणि मग आणखी एक खट्. दोन्ही खटके ऐकू आले की "ठीक आहे" म्हणत आणि कुंकू लावत.

बाबा आता ब्याऐंशीचे आहेत. दोनेक वर्षांपासून त्यांचं डोकं एकेक गोष्ट सोडत चाललं आहे. एका सकाळी ते रिव्हॉल्व्हर घेऊन दूधवाल्यावर धावून गेले. रिकामंच होतं, पण त्या बिचाऱ्याला काय माहीत! त्याच आठवड्यात मी ते परवान्यासकट ठाण्यात कायमचं जमा करून टाकलं. बाबांना सांगितलं, "इलेक्शन लागलं बाबा, जमा करा लागलं."

आमच्या घरात याहून पक्की थाप नाही. निवडणूक लागली की परवानावाले हत्यार ठाण्यात ठेवतात आणि निकालानंतर घेऊन येतात. बाबांनी ते आयुष्यभर केलेलं. आणि निवडणुकाही अशा लागोपाठ आल्या की विचारू नका. लोकसभा झाली, विधानसभा झाली, मग नगरपालिका, मग जिल्हा परिषद. मी प्रत्येकीच्या मागं लपलो. यंदा त्या सगळ्या आटोपल्या. घटस्थापनेच्या दिवशी बाबा पेपर खाली ठेवून म्हणाले, "आता कोणतं इलेक्शन राह्यलं रे? नवमीले पाटावर काय ठेवशीन, लाटणं?"

बाबांना खोटं बोललेलं चालत नाही. एकदा खोट्या प्रवासभत्त्यावरून त्यांनी सख्ख्या भावाशी बोलणं टाकलं, ते काका जाईपर्यंत. आपलं रिव्हॉल्व्हर पोरानंच घालवलं आणि वर दोन वर्षं फसवलं, हे कळलं तर माझं काय होईल? रुसवा निघायला वेळ लागतो, आणि आमच्याकडं तो वेळ उरलेला नाही. म्हणून मी नक्कल शोधायला निघालो.

दिवस पहिला : कळंब

सोबत प्रमोद, माझा शाळेपासूनचा मित्र. गाडी त्याची, पेट्रोल माझं. यवतमाळ ते कळंब रस्ता आता इतका गुळगुळीत झाला आहे की अर्ध्या तासात पोचता. फक्त जुन्या गावरस्त्याला वळलात तर जपून जा. या दिवसांत लोक अर्ध्या डांबरावर सोयाबीन वाळत घालतात आणि त्यावरून दुचाकी सटकते. आमची सटकली. पडलो नाही, पण प्रमोदनं मला मनसोक्त शिव्या घातल्या, जणू गाडी मीच चालवत होतो.

कळंबला आधी चिंतामणीचं दर्शन घेतलं. देवळात पायऱ्या उतरून खाली जावं लागतं. मी गणपतीकडं काय मागितलं? तर खोटं नीट वठू दे. अशी मागणी करताना शरम वाटली, पण केली.

तिथं निवृत्त चित्रकला शिक्षक देशमुख सर राहतात. त्यांच्याकडं भिंतभर नकली शस्त्रं आहेत, सगळी पक्क्या बिलाची. त्यांनी परदेशातून मागवलेलं सजावटीचं टोपीदार रिव्हॉल्व्हर माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "डोयानं नका पाहू. डोये मिटा अन् हातानं पाहा."

सरांचे धडे असे. आधी वजन. असली किलोच्या वर भरतं, हलकं लागलं की समजा जस्ताचं आहे. मग नळीवरून नख फिरवा. साच्याची रेघ लागली तर कारागिरानं कानस लावलेली नाही. चक्री फिरते का, आणि फिरून घर बरोबर नळीसमोर थांबतं का ते पाहा. नळीखालची ठासायची दांडी हलली पाहिजे. मूठ लाकडाची हवी. चापाभोवतीचं कडं पितळेचं हवं, मुलामा नको. आणि सगळ्यात महत्त्वाचं, नळी भरीव असली पाहिजे. बार निघू शकत असेल तर नवीन असो की जुनं, नक्कल असो की काही असो, परवाना लागतो. त्या भानगडीत पडू नका.

सरांचं वजनाला पक्कं होतं, मूठ मात्र प्लास्टिकची. मी म्हटलं, हेच द्या. ते म्हणाले, "हे नाई विकत मी. मागवून देतो, पंधरा दिवस लागतीन."

नवमी तीन दिवसांवर होती. बाहेर येऊन आलूबोंडा आणि तर्री खाल्ली. प्रमोदनं दोन प्लेटा हाणल्या, वर माझीही संपवली.

दिवस दुसरा : लोहारा आणि दिग्रस

सकाळी लोहाऱ्याच्या एमआयडीसीत गेलो. यवतमाळच्या टोकालाच आहे, ऑटोनंही जाता येतं. तिथल्या एका कारखान्यात सन्मानचिन्हं बनतात. पुढाऱ्यांना भेट द्यायच्या तलवारींचा ढीग पडला होता. मालकानं लाकडी पाटीवर ठोकलेलं रिव्हॉल्व्हर काढून दाखवलं. नख फिरवलं तर रेघ इथून तिथवर. चक्री फिरेचना, कारण ती चक्री नव्हतीच, वरून कोरलेली. वजन आमच्या घरच्या अडकित्त्याएवढं.

मालक म्हणाला, "भिंतीवर लटकवाचं हाये ना? मंग चक्री कायले पाह्यजे?"

"वडिलांच्या हातात द्याचं हाये," मी म्हटलं.

"वय काय त्याईचं?"

"ब्याऐंशी."

"मंग तर हेच न्या," तो म्हणाला. मला असा संताप आला की प्रमोदनं दंडाला धरून बाहेर काढलं. स्वस्त होतं, हे खरं. हजारातही नव्हतं.

लोहाऱ्याहून दारव्हा आणि तिथून दिग्रस. दारव्ह्यापर्यंत रस्ता बरा आहे, पुढं काही ठिकाणी हाडं खिळखिळी होतात. दोन्हीकडं कापूस फुटायला लागला होता. एरवी मी थांबून पाहिलं असतं. त्या दिवशी माझ्या डोक्यात एकच चालू होतं. बाबा हातात घेतील, माझ्याकडं पाहतील, आणि मग काय?

दिग्रसला गुलाबराव मिस्त्रींचं लेथचं दुकान आहे. जिनिंगचा हंगाम तोंडावर, म्हणून दुकानात मशीनचे रूळच रूळ. गुलाबरावांनी एका नाटक मंडळासाठी दोन वर्षांपूर्वी रिव्हॉल्व्हर घडवलं होतं. मंडळात भांडणं झाली, नाटक बसलंच नाही, आणि ते यांच्याकडंच पडून राहिलं.

मी डोळे मिटले आणि हातात घेतलं. काय सांगू! सगळं पोलादी, सागाची मूठ, पितळेचं खरं कडं. चक्री लोण्यासारखी फिरत होती. नळी भरीव, चक्रीला घरं नुसती कोरलेली. "पोलिसाले दाखवलं तरी हसन तो," गुलाबराव म्हणाले. मी सोबत आणलेल्या तराजूवर ठेवलं. एक किलो शंभर.

मग घोडा ओढला. खट्. आणखी ओढला. काही नाही. खटका एकच.

"दोन पाह्यजेत मिस्त्री. एक अर्ध्यात, एक पूर्ण."

"नाटकात कोण मोजते खटके? दुसरा टाकाचा तं आतली खाच नवी पाडा लागन. दसऱ्यानंतर या."

"नवमी परवा हाये."

गुलाबरावांनी चष्मा कपाळावर चढवला. "ज्यानं असली वापरलं त्याच्या हाती देऊन राह्यले का तुमी? मंग एक सांगतो. बाकी सारं जमन. पण तो माणूस कान लावन तं पकडनच."

तरी घेतलं. दुसरं काय करणार होतो? बिल घेतलं, कापडात गुंडाळून पिशवीच्या तळाशी ठेवलं. परतताना प्रमोद म्हणाला, "पकडलं तं सांगून टाक खरं काय ते. बाप हाये तो तुहा, फाशी देणार हाये का?"

खंडेनवमी

बाबा आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून बसले. पाटाभोवती आईनं झेंडू मांडले होते. मी कापड सोडलं. बाबांनी उचललं, तळहातावर तोललं, तेलाचं बोट फिरवलं. मग घोडा ओढला आणि कान लावला.

खट्.

ते थांबून राहिले. मीही. आई दाराची चौकट धरून उभी होती.

"ठीक आहे," बाबा म्हणाले, आणि कुंकू लावलं.

"सुटला रे बापा," आई माझ्या कानात पुटपुटली. सुटलो कसला! मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडलो. दोन दिवस ज्याची धास्ती घेतली होती तेच मला हवं होतं, हे तेव्हा कळलं. त्यांनी ओरडायला पाहिजे होतं. "गधड्या, हे कोणाचं उचलून आणलं?" असं विचारायला पाहिजे होतं. दुसरा खटका आलाच नाही आणि त्यांना तो हवाही नव्हता.

तर, विकत घेणाऱ्यांसाठी: दिग्रसचं सगळ्यात सरस, कळंबचं त्याखाली, लोहाऱ्याचं भिंतीपुरतं. आमच्या घरी लोहाऱ्याचंही चाललं असतं. त्या मालकाचं बरोबर होतं, आणि त्याचाच राग अजून जात नाही.

दुपारी बाबांनी मला हाक मारली. रिव्हॉल्व्हर पुन्हा कापडात नीट गुंडाळलेलं होतं.

"या, बसा," ते म्हणाले. "हे कपाटात ठेवून द्या जरा. पोरगा आला का त्याच्या हाती देजा, दुसऱ्या कोणाच्या नाई. त्यानंच आणलं ठाण्यातून. आणतो म्हणे, अन् आणलं. खोटं नाई बोलत तो."

मी "हो जी" म्हटलं आणि कपाट उघडलं.