रोमचा बदललेला धडा

वसई सोडली त्या सकाळी माझ्या पिशवीत आठवीचे इतिहासाचे अडतीस पेपर होते. तपासून झाले होते, फक्त शाळेत पोचवायचे राहिले होते. विमानतळाला निघालेली गाडी मी आधी शाळेकडे वळवायला लावली, शिपाईमामांच्या हातात गठ्ठा दिला आणि परत येऊन बसले. माझी लेक जेन तेव्हा आठ वर्षांची होती. ती म्हणाली, "मम्मी, म्हणजे आता तू टीचर नाहीस ना?" मी तिच्या फ्रॉकची कॉलर नीट केली. घरून निघताना आय गेटपर्यंत आलीच नव्हती. आम्ही वसईकडचे ख्रिस्ती लोक आईला आय म्हणतो. ओट्यापाशी पाठमोरी उभी राहून ती एवढंच म्हणाली होती, "जा आता, मला कामं आहेत." कामं काही नव्हती. भांडीसुद्धा सकाळीच घासून झाली होती.

तुमच्यापैकी जे मागे राहिलात आणि जे माझ्यासारखे इकडे आखातात आलात, त्या दोघांसाठी हे लिहिते आहे. खरं म्हणजे एका दिवसाबद्दलच लिहायचं आहे, पण तिथपर्यंत पोचायला थोडं मागून यावं लागेल.

माझा नवरा इनास आधी दुबईच्या ऑफिसात होता. आम्ही आलो आणि चारच महिन्यांत कंपनीने त्याला फुजैराला पाठवलं, बंदरावरच्या तेलाच्या टाक्यांच्या टर्मिनलवर, स्टोअरकीपर म्हणून. फ्लॅट दुबईतच, अल मनखूलमध्ये होता, तो आम्ही सोडला नाही. इनास शनिवार-रविवार यायचा. जेनला मध्येच कुठल्या शाळेत घेईनात. मग चर्चमध्ये ग्रेसी भेटली. ग्रेसी कोट्टायमची, चार मुलांची आई, आवाज सगळ्यांच्या वर. पाच-सहा ख्रिस्ती कुटुंबं आपल्या मुलांना घरीच शिकवतात, आळीपाळीने एकेकीच्या हॉलमध्ये जमतात, असं तिने सांगितलं. मी अकरा वर्षं इतिहास शिकवला आहे म्हटल्यावर तिने माझा हात धरला. "मार्था, गॉड सेंट यू. रोम तुम पढ़ाओगी."

मी शिकवला होता तो शिवकाल आणि स्वातंत्र्यलढा, तोही मराठीतून. रोम मला परीक्षेपुरतं माहीत होतं. मी आदल्या दिवशी वाचायचं आणि दुसऱ्या दिवशी माझ्या अडखळत्या इंग्लिशमध्ये सांगायचं, असं सुरू झालं. मुलं माझे उच्चार सुधारायची. मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी नऊला प्रार्थना, मग धडा, मग हातकाम. रोमचे रस्ते, पाणी आणणारे कालवे, जमिनीखालची थडगी जिथे आपले पहिले ख्रिस्ती लोक लपून मिस्साची प्रार्थना करायचे. देवदेवतांच्या पुतळ्यांचे फोटो दाखवायचे की नाही यावर ग्रेसीशी माझं दोनदा वाजलं. शेवटी पुतळे राहिले, पण कमरेखाली तिने पिवळे चिकट कागद लावून दिले. मुलांनी अर्थातच आधी ते कागदच उचलून पाहिले.

ओल्या गिलाव्यावर चित्र काढायचा प्रयोगही केला. रोमन लोक भिंत ओली असतानाच रंग भरायचे, म्हणजे रंग आत मुरतो. आमच्या हॉलमधल्या एसीत प्लॅस्टर दहा मिनिटांत सुकायला लागलं. "यल्ला, यल्ला, इट्स ड्राइंग!" अशी घाई करत आठ मुलांनी एकाच वेळी आठ द्राक्षवेली काढल्या. एकही ओळखू येईना. तरी मी खूश होते. कितीतरी महिन्यांनी माझ्या हाताला खडूसारखं काहीतरी लागलं होतं.

त्या आठ जणांत रिया होती. दहा वर्षांची, आमच्याच वसईकडची, पण बोलायची इंग्लिशच. मराठीत विचारलं तरी उत्तर इंग्लिशमध्ये. तिची आई अनिता एका हॉटेलात रूम-साफसफाईची सुपरवायझर होती आणि वडील बावतीस रुवैसला, रिफायनरीच्या गावात कामगारांची घरं बांधत होते तिथे, टाइल्सच्या कामावर फोरमन. रुवैस म्हणजे चार तासांचा रस्ता. ते एक शनिवार सोडून एक यायचे. टीचर टाइलच्या तुकड्यांचं चित्र करणार आहेत असं रियाने त्यांना सांगितलं, तर पुढच्या वेळी ते पाठीवर सिमेंटची रिकामी गोणी घेऊन जिना चढून आले. लिफ्ट बंद होती. गोणीत फुटक्या टाइल्स, निळ्या, पांढऱ्या, थोड्या विटकरी.

"टीचर, एवढ्या पुरतील? साइटवर ढिगानं पडल्यात."

मुलांना मी त्या शनिवारी मुद्दाम बोलावलं होतं. खाली बसून त्यांनी सगळ्यांना पकडीने टाइल कशी फोडायची ते दाखवलं. तुकडा उडू नये म्हणून वर फडका धरायचा. त्यांची बोटं जाड, नखांत पांढरं सिमेंट बसलेलं, आणि तुकडे मात्र चिंचोक्याएवढे नेमके पडत होते. रिया सगळ्यांना सांगत होती, "माय पापा मेड हाफ ऑफ रुवैस." ते लाजून म्हणाले, "काहीतरीच बोलते. बाथरूमच्या लाद्या बसवतो मी." त्या तुकड्यांचा आम्ही एक मोठा मासा करायला घेतला.

ज्या दिवसाबद्दल लिहायचं आहे तो मंगळवार आमच्याकडे होता. त्या दिवशीचा धडा मी मन लावून तयार केला होता. रोमन लोक आपल्या माणसांना गावाबाहेर, रस्त्याच्या कडेला पुरायचे, आणि दगडावर येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलल्यासारखं लिहायचे, थांब, वाच, इथे अमुक झोपला आहे म्हणून. मुलांनी मनाने एक रोमन माणूस रचायचा आणि त्याच्यासाठी असा मजकूर लिहायचा. गुरुवारीच मी तसं सांगून ठेवलं होतं. रिया तर घरून ठरवून आली होती.

साडेनऊच्या सुमाराला, मुलं प्रार्थना संपवून दूध पीत होती तेव्हा, ग्रेसीचा फोन आला. तिचा तो मोठा आवाज पार खाली गेला होता.

"मार्था, किचन में जाओ." मी गेले. "बावतीस नहीं रहा. सुबह नाश्ते पे हार्ट अटॅक. अनिता को मेरे हजबंड रुवैस ले जा रहे हैं. बच्ची को मत बताना. अनिता खुद बताएगी, शाम को आके."

मी फोन ओट्यावर ठेवला. हॉलमधून रियाचं हसणं ऐकू येत होतं.

आता हे सांगायलाच हवं. त्याच्या आदल्या वर्षी माझी आय गेली. माझा धाकटा भाऊ पास्कू दोन दिवस फोनवर सांगत होता, "बरं नाही, सलाइन चालू आहे, झोपली आहे." तिसऱ्या दिवशी म्हणाला, माती झाली. तेव्हा आमच्या व्हिसाचं काम चालू होतं, पासपोर्ट हातात नव्हता, मला जाता आलं नसतं. पास्कूने तेच सांगितलं, "तुला यायला जमलं नसतं ताई, उगाच तडफडली असतीस." मी त्याच्याशी बोलणं बंद केलं ते सात महिने. ज्या दोन दिवसांत माझी आय पेटीत होती त्या दिवसांत मी मुलांना रोमन आकडे शिकवत होते, हसत होते, मासळी तळत होते. त्याबद्दल मी त्याला माफ केलं नव्हतं. दुसऱ्या कुणाशी मी असं कधीच वागणार नाही, असं मी इनासला शंभरदा म्हटलं होतं.

आणि किचनमधून बाहेर येऊन मी पहिलं काय केलं, तर टेबलावरचे थडग्यांच्या फोटोंचे कागद गोळा करून फाइलमध्ये घातले.

"आज आपण मासा पूर्ण करू या," मी म्हटलं.

रिया म्हणाली, "बट यू सेड टुडे द स्टोन्स."

"नंतर करू."

तिने दोन क्षण माझ्याकडे पाहिलं आणि पकड उचलली.

बाराला बाकीची मुलं गेली. रियाला मी जेवायला थांबवून घेतलं, मम्मीला ड्यूटी वाढली आहे म्हणून सांगितलं. एक वाजता तिने माझा फोन मागितला. जेवणाच्या सुट्टीत, एकच्या ठोक्याला, बाप-लेकीचं रोज बोलणं व्हायचं. मी फोन दिला. न देण्यासाठी कारणच सुचलं नाही. रिंग वाजत राहिली. तिने परत लावला. परत. मी समोर बसून भाताचे घास मोडत होते. सात वेळा लावला तिने.

"ही ऑल्वेज पिक्स अप."

"साइटवर रेंज नसेल, बाळ."

माझ्या तोंडातून हे इतक्या सहज आलं की मलाच दचकायला झालं. अगदी पास्कूच्या आवाजात आलं.

अनिता सातला परतली. तिच्या पायांत हॉटेलच्या ड्यूटीचेच काळे बूट होते. दारातच तिने रियाला जवळ घेतलं आणि सांगितलं. रिया रडली नाही. आईच्या खांद्यावरून ती माझ्याकडे बघत होती.

"यू न्यू," ती म्हणाली. "दॅट्स व्हाय यू चेंज्ड द लेसन."

पुढचे सहा दिवस कागद गोळा करण्यात गेले. पोलिसांचा, हॉस्पिटलचा, कॉन्सुलेटचा, विमानवाल्यांचा. इनास सुट्टी काढून आला आणि ग्रेसीच्या नवऱ्याबरोबर फिरला. बावतीसना कार्गोतून नेलं आणि अनिता-रिया त्याच विमानात वर बसून गेल्या. विमानतळावर मी रियाचा हात धरायला गेले, तर तिने तो जॅकेटच्या खिशात घातला. त्या परत येणारच नव्हत्या, दोघींचा व्हिसा बावतीसच्या नावावर होता. अनिताच्या घरातला पंखा, कुकर, रियाची सायकल आम्ही वाटून टाकली.

ग्रेसी मला म्हणायची, "माँ ने जैसा कहा वैसा तुमने किया, इसमें तुम्हारी क्या गलती?" चूक नव्हती असं मलाही कधी कधी वाटायचं. पण रोमचा पुढचा धडा मला घेववेना. महिनाभर मी सुट्टी घेतली. त्या महिन्यात पास्कूला फोन लावला. तो घाबरला, त्याला वाटलं काही वाईट झालं. मी विचारलं, "त्या दोन दिवसांत माझ्याशी बोलताना तू काय करायचास?"

 तो म्हणाला, "विहिरीवर जाऊन तोंड धुवायचो. मगच तुझा फोन घ्यायचो." आम्ही दोघंही रडलो. मी त्याला माफ केलं का, ते मला आजही सांगता येणार नाही. त्याला किती जड गेलं असेल ते मात्र कळलं.

उन्हाळ्यात वसईला गेले तेव्हा अनिताच्या माहेरी जाऊन आले. अनिता आता एका दवाखान्यात रिसेप्शनला बसते. ती कामावर होती. दार रियाने उघडलं. वर्षभरात उंच झाली होती. "या टीचर, बसा. चहा ठेवू?" असं चक्क मराठीत म्हणाली. शाळेत बाकीच्या मुली हसायच्या म्हणून शिकले, म्हणाली.

मी बोलायचं ठरवूनच गेले होते. "रिया, त्या दिवशी मी तुझ्याशी खोटं बोलले. माझं चुकलं."

"मम्मीनंच सांगितलं होतं ना तुम्हाला." ती कपाकडे बघत होती. "त्याचं मला काही नाही वाटत आता. पण मी फोन लावत होते टीचर. सात वेळा. तुम्ही लावू दिला."

  मी चहा संपवला. निघताना ती गेटपर्यंत आली, पण हात हलवला नाही.

गेल्या महिन्यात मी इनासकडे फुजैराला गेले होते. त्याच्या हाताखाली सदानंद म्हणून एक माणूस आहे, दापोलीकडचा, एकटाच राहतो, तीन वर्षांत गावाला गेलेला नाही. दुपारी इनास घरी आला तो तोंड पाडून. सदानंदची आई सकाळी गेली होती आणि त्याच्या भावाने इनासला फोन करून विनवलं होतं की आज सांगू नका, बोटीचं काम उरकू दे, तिकीट मिळणार नाही, उगाच वेडापिसा होईल.

मी चपला घातल्या. "तू थांब," इनास म्हणाला, "त्यांच्या घरचा मामला आहे." मी म्हटलं, तू चल नाहीतर मी एकटी जाते. तो आला.

सदानंद टर्मिनलच्या गेटबाहेरच्या कँटीनमध्ये नुकताच ताटावर बसत होता. मी त्याच्या शेजारी बसले आणि सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही, सरळ सांगितलं एवढं खरं. त्याने ताट हलकेच पुढे सरकवलं.  पहिलं विचारलं ते, "ताई, कधी उचलणार आहेत?"

इनासने भावाला फोन लावला. भाऊ आधी आमच्यावर चिडला, मग रडायला लागला, मग म्हणाला, चारला. तिकडे चार म्हणजे इकडे अडीच. तेव्हा साडेबारा वाजले होते.

"म्हणजे अजून घरातच आहे," सदानंद म्हणाला.

त्याने कँटीनच्या नळावर हातपाय धुतले. बाहेर भिंतीच्या सावलीत, पूर्वेकडे तोंड करून बसला. आम्ही दोघं त्याच्या बाजूला बसलो. उन्हाने समोरचं पाणी पांढरं पडलं होतं, टँकर एकामागे एक उभे होते. मध्येच तो काहीतरी बोलायचा. आईला कोणतं लुगडं नेसवलं असेल, वहिनीला कपाट उघडता येतं की नाही, कुलूप अडकतं ते, गोठ्याकडच्या दाराने काढतील की पुढच्या. एकदा भावाला फोन करून त्याने तेवढंच सांगितलं, पुढच्या दाराने काढा, तिला आवडायचं ते.

जाणं त्याला जमलंच नाही. पण त्या दिवशी अडीच वाजेपर्यंत सदानंद घरी होता.