कोऱ्या बाटलीतली करडई

पुष्पाबाई आमच्या बदनापूरच्या प्रयोगशाळेत काचेच्या बाटल्या धुतात. पीएच.डी. माझी, पण ती वाचवली त्यांनी. हे कबूल करायला मला जरा उशीरच झाला.

माझं काम करडईच्या तेलाचं. वाटूरकडच्या शेतकऱ्यांनी दिलेलं तेल द्रावकात विरघळवायचं आणि भुकटी भरलेल्या बारीक पोलादी नळीतून जोरानं ढकलायचं. तेलातले काही मेद झटकन सुटतात, काही आत रेंगाळतात. बाजारच्या दिवशी माणसांचं होतं तसंच. जो तो आपापल्या वेळेला बाहेर पडतो आणि संगणकावर त्याचा उंचवटा उमटतो. अधूनमधून नुसत्या द्रावकाची कोरी बाटली लावायची. तिची रेघ सपाट यायला हवी.

माझी येईना. रोज दुपारी कोऱ्या बाटलीत करडईचे उंचवटे हजर! दोन महिन्यांची मेहनत पाण्यात जायची वेळ आली. मी मुळातच तापट. तडक माझे मार्गदर्शक केदार सर यांना सांगितलं, "बाटल्या नीट धुतल्या जात नाहीत. बाई बदला." सर म्हणाले, सोमवारपासून दुसरी बघू. पुष्पाबाईंची नोकरी कंत्राटी, त्यामुळे एवढं पुरेसं होतं.

त्या भांडल्या नाहीत. शनिवारी जेवणाच्या सुट्टीनंतर माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या.

"म्याडम, सकाळच्या बाटल्याबी मीच धुते. त्या बराबर येतात. मंग दुपारच्याच कशा बिघडून राह्यल्या?"

मी नोंदवही उघडून पाहिली. बिघडलेल्या साऱ्या बाटल्या खरंच दुपारच्याच होत्या.

"तुम्ही डब्यात लसणाच्या चटणीवर कच्चं करडीचं तेल घेता. हात नुसते पाण्यानं धुता. अन् झाकणं बोटानंच लावता."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी साबण पुढे केला. मी कोपरापर्यंत हात धुतले, कंटाळा करून खोक्यातच ठेवलेले हातमोजे चढवले आणि नवी बाटली लावली. रेघ सपाट आली. मला रडूच फुटलं. तशीच उठून सरांकडे गेले आणि चूक माझी असल्याचं सांगितलं. सोमवारी बाटल्या पुष्पाबाईंनीच धुतल्या.

यंदा प्रबंध छापून आला. आभाराच्या पानावर पहिलं नाव त्यांचं आहे. मी ते पान उघडून त्यांच्यापुढे धरलं, तर त्यांनी हात मागे घेतला.

"थांबा म्याडम, आत्ताच भजे खाल्ले. हात धुऊन येते."