देसच्या खिडकीखाली

रॉन ट्रेगेन्झाला मदत करायला जाणं म्हणजे स्वतःचं डोकं फोडून घेणं. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या आमच्या कडिना गावात आम्हा दोघांच्या घरांत फक्त एक पत्र्याचं कुंपण आहे. त्या आठवड्यात त्याच्या शेडमधली ‘फट्... फट्’ ऐकून माझाच जीव उबगला होता.

गाडी चौसष्टची होल्डन. रॉनने आणि त्याच्या थोरल्या भावाने, देसने, ती मिळून उभी केलेली. देस आता जवळच्या, समुद्रकाठच्या वॉलरूच्या हॉस्पिटलात अखेरच्या दुखण्याने पडला होता. डॉक्टरांनी रविवारी त्याला तासभर बाहेर न्यायला परवानगी दिली होती, आणि त्याला त्याच गाडीतून तिथल्या जेटीवर, समुद्रातल्या धक्क्यावर जायचं होतं. देस खूश व्हावा म्हणून रॉनने सगळं इंजिन लालभडक रंगवलं. तेव्हापासून गाडी मिसिंग मारायला लागली.

गावातले सगळे शहाणे हातात बियर घेऊन बॉनेटखाली वाकून गेले. कुणी म्हणे प्लग, कुणी कॉईल, कुणी कार्बोरेटर. रॉनने सगळं बदललं. गाडी ढिम्म ऐकेना.

“देसला विचार की,” मी म्हटलं.

“आणि हसं करून घेऊ? मरेपर्यंत ऐकवेल मला!”

बोलून गेला आणि पुन्हा बॉनेटखाली वाकला. पण फोन काही केला नाही. रविवार तसाच गेला. रॉनने पाना भिंतीवर भिरकावला.

मंगळवारी त्याच्या बायकोने, लॉर्नाने, सरळ देसला फोन लावला आणि चालू इंजिनाजवळ धरला.

“प्लगांना ठिणगी वाटणारा तो डिस्ट्रिब्युटरही काढून रंगवलास?” देसचा आवाज पार बारीक झाला होता.

“झकास दिसतोय.”

“दिसतोय म्हणे! अरे गाढवा, बुडाला रंग फासलास, आता त्याला अर्थिंग मिळणार कुठून? एक वायर घे, त्याचं अंग इंजिनच्या उघड्या लोखंडाला जोड.”

जोडली. फटफट थांबली, इंजिन एका सुरात चालू लागलं. मला हसू आलं. रॉनला नाही.

“शनिवारी का नाही रे विचारलंस?” देस म्हणाला.

रॉनने डिस्ट्रिब्युटरच्या बुडाचा रंग खरवडून तो पुन्हा बसवला आणि तसाच वॉलरूला निघाला. मीही बसलो. पण देसला आता उठून बसवत नव्हतं. रॉनने गाडी त्याच्या खाटेजवळच्या खिडकीखाली आणली आणि रेस दिली. नर्स तणतणत बाहेर आली, “अहो, बंद करा ती! इथे आजारी माणसं आहेत.”

वर खिडकीत देसचा हात हलला. पुरे म्हणत होता की अजून, ते काही कळलं नाही. रॉनने पाय काढला नाही.